जमीन पाणी पिते का? शौचालयाचा खड्डा खणण्याआधी करायची चाचणी



शौचालयासाठी कर्ज मागायला एखादी मैत्रीण गटाच्या बैठकीत उभी राहिली की आपण तिला काय विचारतो? हप्ता झेपेल का, गवंडी कोण आहे, विटा-सिमेंटला किती लागतील. हे विचारायलाच हवं. पण ज्या जमिनीत खड्डा जाणार, ती पाणी मुरवते का, हे आपण विचारत नाही. मग काम छान होतं, फरशी बसते, रंग लागतो. आणि पहिल्याच जुलैत भांड्यातलं पाणी खाली उतरायचं थांबतं. खड्डा तुंबतो, घाण अंगणात येते, दाराला कडी लागते. पुरुषमाणसं लांब जाऊन येतात. बाईला मात्र पुन्हा अंधाराची वाट बघावी लागते, आणि कर्जाचा हप्ता चालूच राहतो.

हे टाळता येतं. त्यासाठी दोन दिवस, एक पहार, दोन बादल्या पाणी, एक पट्टी आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढंच लागतं. या पाठात आपण तीन गोष्टी शिकू: माती ओळखणं, पाणी मुरण्याची चाचणी घेणं आणि पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी किती वर येतं ते मोजणं.

टाकी अर्धंच काम करते

सेप्टिक टाकी बांधली की प्रश्न मिटला, असं बऱ्याच जणींना वाटतं. टाकीत काय होतं ते बघा. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढच्या पाईपातून बाहेर पडतं. हे पाणी दिसायला थोडं निवळलेलं असतं, पण त्यात जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू असू शकतात. त्या पाण्याला खरं स्वच्छ करते ती माती. शोषखड्ड्यातून पाणी हळूहळू मातीत झिरपतं, मातीच्या कणांत जंतू अडकतात आणि मरतात.

म्हणजे निम्मं काम टाकीचं आणि निम्मं जमिनीचं. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात तर टाकीच नसते, सगळा भार जमिनीवरच असतो.

जमिनीने पाणी घेतलं नाही की लोक एक सोपा उपाय करतात: पाईप गटारात नाहीतर ओढ्यात सोडून देतात. आपल्या भागातले ओढे वालधुनीला आणि उल्हास नदीला मिळतात. उल्हासचं पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घराघरांत नळाला येतं. आपण सोडलेली घाण अशी फिरून कुणाच्या तरी हंड्यात येते.

देहूचा धडा

डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे पुणे जिल्ह्यातल्या देहू गावात १९६० च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून आले. उघड्यावरच्या घाणीमुळे तेच ते आजार पुन्हा पुन्हा येताना पाहून त्यांनी गावात शौचालयं बसवायला सुरुवात केली. सुरुवातीची शौचालयं पावसाळ्यात खचली. डॉक्टर थांबले नाहीत. जमीन, पाणी आणि खड्डा यांचा मेळ कसा बसवायचा, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपण यातून एवढं घ्यायचं: शौचालयाची खरी परीक्षा पाऊस घेतो. म्हणून ती परीक्षा आपण आधीच घेऊन ठेवायची.

आपल्याकडची जमीन

आपल्या तालुक्यात चार प्रकारच्या जागा जास्त दिसतात.

भाताचं खाचर: इथे नीट विचार करा. खाचरात पाणी टिकावं म्हणून आपण दरवर्षी चिखलणी करतो. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी केल्याने वीतभर खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. जी जमीन पाणी धरून ठेवण्यासाठी तयार केली, ती शौचालयाचं पाणी पटकन कशी मुरवणार? त्या थराच्या खाली काय आहे, हे खणल्याशिवाय कळत नाही.

वरकस आणि माळ: वर थोडी तांबडी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. मुरूम पाणी चांगलं घेतो. पण कातळ दोन फुटांवरच लागला तर पाण्याला जायला जागा नाही. कातळाला भेगा असल्या तर उलटा धोका. पाणी न गाळता भेगांतून थेट दूरच्या विहिरीत जाऊ शकतं.

नदीकाठ: वांगणी, चामटोली, बदलापूरचा काठ, तिकडे उल्हासनगरला लागून म्हारळ, वरप, कांबा. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणी-बदलापूरच्या दरम्यान अडकली आणि प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं, ते आपल्या लक्षात आहेच. जिथे पाणी रुळांवर येतं, तिथे जमिनीतला खड्डा आधीच भरलेला असतो.

भरावाचा प्लॉट: खाचरावर चार फूट मुरूम नाहीतर राडारोडा टाकून गुंठा-दोन गुंठ्याचे तुकडे विकले जातात. वरून पाणी ओतलं तर झटकन मुरतं. पण खाली जुन्या खाचराचा घट्ट थर तसाच असतो. पाणी त्यावर अडतं आणि भरावाच्या कडेने शेजारणीच्या अंगणात फुटतं. अशा जागेत चाचणी भरावात न घेता मूळ जमिनीपर्यंत खणून घ्या.

आधी हाताने माती ओळखा

जिथे शोषखड्डा करायचा, तिथे चार फूट खोल खणा. खड्डा रुंद ठेवा. भुसभुशीत मुरूम ढासळतो, म्हणून एकटीने आत उतरू नका आणि काम संपलं की पत्रा टाकून झाका. लहान मुलं, गुरं पडतात.

खड्ड्याच्या भिंतीकडे बघा. करड्या मातीत गंजासारखे तांबडे ठिपके दिसले तर समजा, पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत येऊन उभं राहतं. मे महिन्यात जमीन कितीही कोरडी असली तरी हे ठिपके ती गोष्ट सांगतात.

आता तळाची मूठभर माती घ्या. पाणी लावून मळा, लाडू वळा, मग हातावर घोळून करंगळीपेक्षा बारीक वळी करा. वळीच होत नाही, माती विस्कटते, तर वाळू-मुरूम जास्त आहे. वळी होते पण वाकवली की मोडते, तर माती मध्यम. वळीचं गोल कडं करता आलं आणि तडा गेला नाही, तर ती चिकण माती. ती चुलीला चांगली, शोषखड्ड्याला वाईट.

खात्रीसाठी काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ तासा-दोन तासांत. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दिसलं तर चिकण कण बरेच आहेत.

मुरण्याची चाचणी

सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक २४७० आहे. त्यात सांगितलेली ही पद्धत आहे.

१. चार फुटी खड्ड्याच्या तळाशी एक छोटं भोक खणा: रुंदी १० ते ३० सेंटीमीटर, खोली दीड फूट. प्लॉटवर अशी दोन-तीन ठिकाणी करा. जमीन दहा पावलांवर बदलते.

२. पहारीने भोकाच्या कडा खरवडा. पहार मारून कडा गुळगुळीत झाल्या असतील तर पाणी मुरत नाही. सुटी माती काढा आणि तळाशी ५ सेंटीमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी टाका.

३. खडीच्या वर ३० सेंटीमीटर पाणी भरा आणि रात्रभर भिजू द्या. ही पायरी चुकवू नका. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि ती घटाघटा पाणी पिते. भिजून फुगली की भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी घेत नाही. आपल्याला पावसाळ्यातली जमीन मोजायची आहे.

४. दुसऱ्या दिवशी बघा. भोकात पाणी उरलं असेल तर ते खडीच्या वर १५ सेंटीमीटर राहील असं कमी-जास्त करा. पट्टी उभी रोवा. ३० मिनिटांत पाणी किती मिलिमीटर उतरलं ते लिहा.

५. पाणी उरलं नसेल तर १५ सेंटीमीटर भरा आणि दर ३० मिनिटांनी किती उतरलं ते लिहून पुन्हा १५ पर्यंत भरा. असं चार तास, म्हणजे आठ वेळा. हिशोबाला फक्त शेवटची, आठवी नोंद धरायची.

६. वाळूच्या जमिनीत पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपतं. तिथे दर १० मिनिटांनी मोजा, एक तासभर.

हिशोब सोपा आहे. पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात, ते काढायचं. ३० मिनिटांची नोंद असेल तर ७५० ला उतरलेल्या मिलिमीटरने भागा. १० मिनिटांची असेल तर २५० ला भागा.

समजा, एका ताईच्या वरकसात शेवटच्या अर्ध्या तासात पाणी २८ मिलिमीटर उतरलं. ७५० भागिले २८, म्हणजे सुमारे २७ मिनिटं. दुसऱ्या ताईच्या खाचरात तेवढ्याच वेळात १० मिलिमीटर उतरलं. ७५० भागिले १०, म्हणजे ७५ मिनिटं. गवंडी एक, माप एक, पण पहिलीचा खड्डा चालेल आणि दुसरीचा तुंबेल.

निकाल कसा वाचायचा

३० मिनिटांपर्यंत: शोषखड्डा चालेल. सेप्टिक टाकीचा शोषखड्डा किमान ३ फूट रुंद आणि पाईपच्या तोंडाखाली किमान १ मीटर खोल हवा. पण सगळ्यांना एकच माप लावू नका. मुरण्याचा वेळ चौपट झाला की तेवढंच पाणी मुरवायला भिंत दुप्पट लागते. म्हणजे ७ मिनिटांच्या जमिनीत जो खड्डा पुरतो, त्याच्या दुप्पट २८ मिनिटांच्या जमिनीत लागेल.

३० ते ६० मिनिटं: एका खड्ड्यावर भागणार नाही. जमिनीखालचं पाणी ६ फुटांपेक्षा खोल असेल तर उथळ, लांब चर खणून त्यात खडी आणि भोकं पाडलेला पाईप टाकतात, म्हणजे पाणी जास्त जागेत पसरतं. त्यासाठी मोकळी जागा लागते.

६० मिनिटांच्या वर: या जमिनीत पाणी मुरवायचं नाही. पुढे दिलेले दुसरे मार्ग बघा.

पाणी काही मिनिटांतच गायब झालं तर: खूश होऊ नका. खाली मोठ्या भेगा किंवा जाड रेती असेल. तिथे पाणी गाळलं जात नाही, विहिरीला धोका असतो.

पावसाळ्यातलं पाणी आणि विहीर

आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मार्चमध्ये पंधरा फूट खाली असलेलं विहिरीचं पाणी ऑगस्टमध्ये हाताला लागतं. म्हणून चाचणीबरोबर ही नोंद हवीच.

ऑगस्टमध्ये जवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा. कठड्यापासून पाण्यापर्यंतची दोरी मोजा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते कळेल. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातलं सर्वांत वरचं पाणी यांत किमान २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट माती असावी. समजा, विहिरीत पाणी ५ फुटांवर आलं आणि खड्डा ४ फूट खोल आहे. मधे राहिली फक्त एक फूट माती. चाचणी कितीही चांगली आली तरी इथे जमिनीत खोल खड्डा नको.

आता अंतर. सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्यापासून पिण्याच्या विहिरीला किंवा बोअरला किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट अंतर हवं, आणि राहत्या घरापासून ६ मीटर, म्हणजे २० फूट. दोन शोषखड्ड्यांचं साधं शौचालय असेल तर आपल्या कातळाच्या, पावसाच्या मुलखात विहिरीपासून १० मीटरच्या आत येऊ नका. विहीर उताराखाली असेल तर अजून लांब जा.

प्लॉट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: एक गुंठा म्हणजे साधारण ३३ फूट बाय ३३ फूट. एवढ्या जागेत आपली बोअर आणि आपला सेप्टिक शोषखड्डा यांत ६० फूट ठेवता येतच नाहीत. शेजारच्यांची बोअर आपल्या कुंपणाला लागून असेल तर तेही मोजा. हा हिशोब विसार देण्याआधी करायचा. नंतर पैसेही अडकतात आणि शेजारही बिघडतो.

जमिनीने नाही म्हटलं तर

चाचणी नापास झाली म्हणून शौचालय नको, असं अजिबात नाही. पद्धत बदलायची.

काळी माती असेल तर दोन शोषखड्ड्यांच्या जाळीदार विटकामाभोवती एक फूट जाडीचा वाळू-खडी-विटांच्या तुकड्यांचा थर भरा. त्यामुळे पाणी पसरायला जागा मिळते.

पाणी वर येत असेल तर खड्डे जमिनीपेक्षा उंच घ्या, भोवती मातीचा भराव चोपून बसवा आणि शौचालयाचं जोतंही तेवढंच चढवा. तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतील, पण जुलैत दार उघडं राहील.

भेगांचा कातळ किंवा जवळ विहीर असेल तर खड्ड्याचा तळ सिमेंटने बंद करून भोवती सुमारे २० इंच वाळूचा थर देतात. पाणी वाळूतून गाळून मगच पुढे जातं.

अजिबात मुरतच नसेल तर सेप्टिक टाकीच्या पुढे खडीचा गाळण-कप्पा बांधावा लागतो. चार-पाच घरांनी मिळून केलं तर खर्च वाटला जातो. इथे मात्र पंचायत समितीच्या अभियंत्याचा सल्ला घ्या, अंदाजाने बांधू नका.

कोणतीही पद्धत असो, आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी शौचालयाच्या खड्ड्यात सोडू नका. ते परसबागेला किंवा वेगळ्या शोषखड्ड्याला द्या. जमिनीवरचा निम्मा भार तिथेच कमी होतो.

टाकीत माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. दोन-तीन वर्षांनी टाकी यंत्राच्या टँकरनेच उपसायची. म्हणून टँकरचा पाईप पोचेल अशी जागा आधीच ठरवा. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक भरला की दुसरा सुरू करून पहिला किमान दीड ते दोन वर्षं बंद ठेवायचा. मगच त्याचं खत काढायचं.

पैसे आणि गटाचं काम

स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र कुटुंबाला वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. चौकशी ग्रामपंचायतीत करा. पण ही रक्कम एकदाच मिळते. तुंबलेल्या खड्ड्यात ती गेली की दुसरं शौचालय आपल्या खिशातून, म्हणजे बहुधा गटाच्या कर्जातून होतं.

म्हणून आमची सूचना अशी: शौचालयासाठी कर्ज देताना अर्जाला चाचणीची नोंद जोडायचा ठराव प्रत्येक गटाने करावा. एका पानावर एवढंच लिहायचं: जागेचा प्रकार (खाचर, वरकस, नदीकाठ, भराव), मातीची वळी कशी झाली, मुरण्याचा वेळ किती मिनिटं, पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती फुटांवर, जवळच्या विहिरी-बोअरपर्यंतचं अंतर. खाली चाचणी करताना हजर असलेल्या दोन सदस्यांच्या सह्या. कर्ज नाकारायला हे पान नको आहे. गवंड्याला नेमकं काय बांधायचं ते सांगायला हवं आहे.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. तुमच्या गावात अशा ताया असतील तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी त्यांच्याकडून तपासून घ्या. जुन्या शौचालयांमुळे विहिरीत काही उतरतं का, ते त्यातून कळेल.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वाडीत पावसाळ्यात बंद पडणारी शौचालयं किती? ती कोणत्या प्रकारच्या जागेवर आहेत?

२. आपल्या पिण्याच्या विहिरीपासून सर्वांत जवळचा खड्डा किती फुटांवर आहे? दोरीने मोजून या.

३. येत्या वर्षात कोणत्या तीन घरी शौचालय व्हायचं आहे? त्यांपैकी एका घरी सगळ्यांनी मिळून चाचणी करा. एकदा हाताने केली की बाकीच्या घरांत तुम्हीच शिकवाल.

४. ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी मोजायची जबाबदारी कोणाची? नाव लिहून ठेवा.

गवंडी म्हणेल, "ताई, काही होत नाही, मी शंभर खड्डे केलेत." त्याला शांतपणे नोंदीचा कागद दाखवा. त्याने शंभर जागी खड्डे केले असतील. आपल्या जागेची चाचणी आपण केली आहे.